अर्धंच वाचलंस!

प्रार्थनागृहात कोणी नाही असं समजून ती ऑर्गनसमोर बसली. नोकरीचा पहिलाच दिवस, मधली सुट्टी, आणि समोर शाळेइतकाच जुना तो लाकडी ऑर्गन… हात शिवशिवत होते नुसते. तिनं पायांनी भाता भरला, एक खर्जातला स्वर धरला — आणि ऑर्गनच्या मागून कोणीतरी "आहा…" केलं.

ती टुणकन उठली. पलीकडे जाऊन बघते तर काय, एक तरुण ऑर्गनच्या पाठीला पाठ टेकून, मांडीवर डबा उघडून, डोळे मिटून बसलेला!

"कोण तुम्ही? इथे काय करताय?"

त्याचे डोळे मिटलेलेच.

"अहो, तुमच्याशी बोलतेय! ऐकू येत नाही का?"

तिनं खांद्याला बोट लावलं तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले. तिच्या ओठांकडे बघत म्हणाला, "पुन्हा बोला."

"ऐकू येत नाही का, म्हटलं."

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "येत नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. तो मात्र मिश्कील हसला. "थांबलात कशाला? वाजवा ना. सकाळपासून पाठ धरलीय. खालचे सूर अगदी बरोबर जागी लागतात."

तो शेवटच्या वर्गाचा सर होता. मैदानापलीकडच्या त्या खोलीला सगळी शाळा 'शेवटचा वर्ग'च म्हणायची. तिथे ऐकू न येणारी मुलं शिकत. तोही लहानपणी तिथेच शिकला होता. सात वर्षांचा असताना तापात कान गेले. आईनं बोटाला धरून इथे आणून सोडलं. मोठा होऊन तो तिथेच शिकवायला आला. समोरच्याचे ओठ वाचायचा, आणि प्रत्येक शब्द जपून टेबलावर ठेवल्यासारखा बोलायचा.

आणि ती गाण्याची टीचर. वडील चर्चमध्ये गायकवृंद बसवायचे. तिच्या घरात भांडणंसुद्धा सुरात व्हायची. अशा दोघांची गाठ पडायला निमित्त झालं शाळेच्या शताब्दीचं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बैठक बोलावली. मैदानी खेळ, शिवणवर्गाचं प्रदर्शन, माजी विद्यार्थ्यांची भाषणं, सगळं ठरलं. शेवटी सगळ्या शाळेनं मिळून प्रार्थना म्हणायची.

"सगळ्या शाळेनं म्हणजे माझ्या मुलांनीही?" त्यानं विचारलं.

मोठ्या बाई घुटमळल्या. "त्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या देऊ ना. पाहुणे येणार, गोंधळ नको."

"बाई, शंभर वर्षांपूर्वी इथल्या पाद्रीबाईंच्या मुलीला ऐकू येत नव्हतं, कुठल्याच शाळेनं घेतली नाही, म्हणून त्यांनी चर्चच्या व्हरांड्यात चार मुलं जमवली. तीच ही शाळा. बाकीचे वर्ग मागाहून आले. शेवटचा वर्ग खरं तर पहिला आहे."

नव्या टीचरच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मग मी बसवते सगळ्यांचं मिळून. बाकीचे आवाजानं गातील… ही मुलं हातांनी."

"तुम्हाला हातांची भाषा येते?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही. पण शिकेन."

मोठ्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं… शिका."

शाळा सुटली की ती शेवटच्या वर्गात जायची. त्यानं पहिल्याच दिवशी तिला 'नमस्कार मुलांनो' करून दाखवलं. ती रोज दारातून तसं करायची, आणि रोज कोणीतरी लगबगीनं येऊन तिच्या हातावर बिस्किट ठेवायचं. किती गोड मुलं! आठवडाभरानं एका चिमुरडीला दया आली आणि तिनं फळ्यावर लिहून दाखवलं — 'टीचर, तुम्हाला रोज एवढी भूक का लागते?'

"तुम्ही… तुम्ही मला चुकीचं शिकवलंत!"

"बिस्किटं आवडली नाहीत?"

"आगाऊ आहात!"

"हळू बोला. रागात तुमचे ओठ फार भरभर हलतात. फक्त 'आहात' कळलं. काय आहे मी?"

ती हसू दाबत बसली. पण दबलं नाही.

दिवस सरत गेले. प्रार्थनेतली एकेक ओळ बोटांवर बसत गेली. 'उजेड' म्हणजे मिटलेली मूठ हळूहळू उघडायची. तिची भसकन उघडायची. "उजेड आहे, फटाका नाही," म्हणत तो तिचं मनगट धरून दाखवायचा… आणि दाखवून झाल्यावरही क्षणभर धरून ठेवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका दुपारी पत्र्यावर पावसाची सर आली. त्यानं विचारलं, "आज कसा वाजतोय?"

तिनं कान दिला. "सुपातून शेंगदाणे ओतल्यासारखा."

"मला आठवतो थोडा. लहानपणी ऐकलाय ना. पण तुझ्या तोंडून जास्त चांगला पडतो," तो म्हणाला — आणि स्वतःच लाजून फळा पुसायला लागला. फळा कोराच होता.

पण शताब्दीच्या आदल्या आठवड्यात काय झालं कोणास ठाऊक, तो एकदम 'तुम्ही'वर आला. "टीचर, तुमचं बरोबर आहे." "टीचर, तुम्ही ठरवाल तसं." थट्टा नाही, मनगट धरणं नाही. मुलांच्या गर्दीत असायचा आणि तालीम संपली की निघून जायचा. तिला रडू यायचं. काय चुकलं माझं? विचारायला जावं, तर तो बघायचाच नाही. आणि जो बघतच नाही, त्याच्याशी बोलायचं तरी कसं?

शताब्दीचा दिवस उजाडला. मैदान माणसांनी फुलून गेलं. तिनं स्वर दिला, शेकडो गळे उघडले, आणि पहिल्या रांगेत शेवटच्या वर्गाचे हात वर आले. 'उजेड' शब्दाला मिटलेल्या मुठी एकदम, सावकाश उघडल्या… आणि मागच्या मुलांनी आपण होऊन गाणं बारीक केलं. हात बघायचे होते ना त्यांना! मोठ्या बाई उघड उघड रुमाल डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

पाहुणे चहाला गेले. तो रिकाम्या खुर्च्या रचत होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आज बघावंच लागेल. काय झालंय तुला?"

तो हातातल्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी तू संगीतखोलीच्या खिडकीत फोनवर होतीस. मी मैदानात होतो. वाचू नये दुसऱ्याचं… पण सवय आहे. तू म्हणालीस, 'ज्याला माझं गाणं ऐकू येत नाही, त्याच्याशी लग्न?'" त्यानं खुर्ची खाली ठेवली. "बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो."

ती बघतच राहिली. आणि खुदकन हसली.

"हसायला काय झालं?"

"अरे वेड्या, ते ताई म्हणत होती! मी तिचंच वाक्य तिला ऐकवत होते. आणि पुढचं? पुढचं वाचलंस?"

"पुढे तू पाठ फिरवलीस."

"लाजले म्हणून फिरवली! अर्धंच वाचलंस, आणि त्यावर आठवडाभर मला रडवलंस?"

"रडलीस?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "…पुढे काय म्हणालीस?"

ती उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. गालावर आलेली बट बाजूला केली. चेहरा तापला होता, पण यावेळी पाठ फिरवायची नाही असं तिनं ठरवलं होतं.

"म्हणाले, 'हो ताई, करेन. आनंदानं करेन. त्यानं विचारलं तर.'"

तो पाय चुकल्यासारखा एक पाऊल पुढे आला.

"पुन्हा सांग. नीट दिसलं नाही."

"खोटं! एवढं स्वच्छ ऊन आहे."

"खोटंच," तो म्हणाला. त्यानं तिचं मनगट धरलं, आणि या खेपेला दाखवायचं असं काहीच नव्हतं. "तरी सांग ना…"