पळीचा गळ

ढुंढिराजकाका आमच्या शेजारी राहतात आणि पाठशाळेत शिकवतात. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हापासून जेवणं उरकली की आम्ही भावंडं त्यांच्या गच्चीवर जातो. काल त्यांनी सांगितलं ते त्यांच्या पाठशाळेतल्या सोबत्याचं, वेणीमाधवचं. सांगताना ते गंगेकडे पाठ करून बसले होते.

"सात वर्षं झाली असतील. कार्तिक वद्य त्रयोदशी. आपला कार्तिक, इथल्यांचा अगहन. पंचगंगा घाटावरचे आकाशदीप उतरवून झाले होते. ऊन कलल्यावर वेणीमाधव घराबाहेर पडला, तो मासा आणायला."

माझी बहीण बकुळ हसली. "ब्राह्मण, आणि मासा?"

"ऐक तर. घरात तो आणि त्याची धाकटी बहीण शरदिनी, दोघंच. महिनाभर तिचा ताप हटत नव्हता. पेजसुद्धा पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाले, माशाचं सार जाऊ द्या पोटात, नाही तर पोर हातची जाईल. बंगाली टोल्यात, त्या लोकांच्या वस्तीत, मासे मिळतात. पण तिथून पिशवी घेऊन ब्रह्माघाटावरच्या घरापर्यंत येताना एकानं जरी पाहिलं असतं, तर श्राद्धपक्षाची बोलावणी बंद. घर त्यावरच चालत होतं. तेव्हा त्यानं ठरवलं, आपणच धरू. शरदिनीला सांगितलं, औषध घेऊन येतो. बाहेरून कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि निघाला.

"राजघाटाच्या पुलापुढे, वरुणेच्या संगमाकडे, जुन्या तटाचे दगड पाण्यात कोसळलेत. तिथे रेल्वेचा एक साहेब मासे धरायला यायचा. त्याच्या गळाला किडा नाही, कणीक नाही. नुसता चमकता चमचा. लांब फेकायचा आणि ओढत आणायचा. पाण्यात तो लवलवतो, मोठ्या माशाला वाटतं लहान मासा पळाला. वेणीमाधवनं ते पुष्कळदा पाहिलं होतं. त्याला ते पटलं. किड्याला हात लावायला नको."

"किड्याचा विटाळ होतो, माशाचा नाही होत वाटतं," बिंदू म्हणाला. बिंदू म्हणजे माझा धाकटा भाऊ बिंदुमाधव.

"तू त्याच्या जागी असतास म्हणजे कळलं असतं. आता चमचा कुठला आणायचा? घरात संध्येची पळी होती, पण तिला गळ कसा लावणार? मग काठावरच्या दगडांच्या सांदीत काही अडकलंय का ते त्यानं शोधलं. गेलेल्या माणसाची पळी-पंचपात्री लोक गंगेत सोडतात. त्यातली एक पळी सापडली. तांब्याची. वाळूनं घासली तशी लख्ख निघाली. दांडा मोडला, भोक पाडलं, बरोबर आणलेला गळ अडकवला, दोरी बांधली."

"आणि ते चालतं?" बकुळनं विचारलं.

"त्याला वाटलं, ती आता कुणाचीच नाही."

खाली गल्लीत कुणीतरी दार ओढून घेतलं.

"सूर्य बुडाला. त्यानं पळी फेकली, ओढली. रिकामी आली. पुन्हा फेकली. पुन्हा रिकामी. शरदिनी घरात एकटी, त्यामुळे जीव अर्धा तिकडे. पण रिकाम्या हातानं जाऊन करणार काय? म्हणून फेकत राहिला. अंधार पडत आला. पळी दिसेनाशी झाली, पाण्यावर पडल्याचा आवाज तेवढा यायचा. आणि एकदा ओढता ओढता... दोरी थांबली.

"मासा असता तर हिसका बसला असता. हिसका नाही. दोरी हलकेच खाली गेली, वर आली. थांबली. खाली गेली, वर आली. पुन्हा एकदा. मग सैल सुटली.

"त्याला वाटलं, गेला मासा. तेवढ्यात परत तसंच. तीनदा हलकेच... चौथ्यांदा सैल." काका बिंदूकडे वळले. "तुझी मुंज झालीय. आचमन कसं करतोस?"

बिंदूनं उजवा तळवा पुढे केला. तोंडाशी नेला. एकदा, दोनदा, तीनदा. मग पाणी सोडण्यासाठी हात कलता केला आणि तसाच राहिला. मग त्यानं तो हात मांडीखाली घेतला.

"हं," काका म्हणाले.

बकुळ माझ्या जवळ सरकली.

"दोरी ढिली पडत चालली होती. तो ओढत नव्हता तरी. पलीकडचं टोक... काठाकडे येत होतं. सावकाश. पायऱ्या चढून यावं तसं.

"तो पळाला. दगडांवर पडला, गुडघा फुटला, उठून पुन्हा पळाला. मागे पाहिलं नाही. घरापाशी आला. कुलूप तसंच. किल्ली जानव्याला. दार उघडलं. आत अंधार.

"शरदिनी उठून बसली होती. महिन्याभरात पहिल्यांदा. त्यानं कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"ती म्हणाली, 'दादा, आता नको. पोट भरलं माझं.'

"त्याचा हात तिच्या कपाळावरच होता.

"ती म्हणाली, 'तुझा हात आता ऊन लागतोय. मघाशी भरवताना किती गार होता.'"

"फिर?" बिंदूनं विचारलं. एरवी काका त्याला टोकतात, मराठीत विचार म्हणून. काल टोकलं नाही.

"त्यानं काडी ओढली. तिच्या अंथरुणाशेजारी फरशीवर पाण्याची गोल रेघ होती. जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवतो ना आपण, तशी. अजून ओली. आत पान नव्हतं.

"आणि उजव्या अंगाला, पहिल्या घासाआधी घालतो तशा, चित्राहुती. ओळीनं. नीट घातलेल्या..."

मग काका पुढे बोलले. आवाज इतका खाली गेला होता की आम्हाला पुढे वाकावं लागलं.

"आपण भाताच्या घालतो. त्या माशाच्या होत्या."