एकाच देवकाची दोन माणसं

इंद्रजीत आणि माझी ओळख झाली ती आम्ही दोघांनीही न खाल्लेल्या पेठ्यामुळे.

औरंगपुऱ्यात खरेदी उरकून मी रिक्षा शोधत होते. भाद्रपदातली लहरी सर आली आणि मी समोरच्या मिठाईच्या दुकानात घुसले. माझ्या पाठोपाठ एक उंच मुलगा आत आला, केसांतून पाणी झटकत. अर्धं पाणी माझ्या ओढणीवर. दुकानदार भारी हौशी. त्यानं लगेच दोघांपुढं ताटली धरली.

"ताजा पेठा हाय, कोहळ्याचा. खाऊन तर बघा!"

"नको, आमच्यात कोहळा चालत नाही."

हे मी म्हणाले... आणि तोही. एकाच वेळी, शब्द न् शब्द सारखा. मी चमकून पाहिलं.

"माझी नक्कल करता का?"

"मी आधी बोललो. नक्कल तुम्ही केली."

"भांडखोर दिसता!"

"लोक म्हणतात तसं. तुम्हालाही म्हणत असतील ना?"

म्हणतात. अगदी रोज म्हणतात! मला हसू आवरेना. पाऊस थांबला, रिक्षा येऊन गेल्या, आणि आम्ही तिथंच बोलत उभे होतो.

पुढं काय, भेटीच भेटी. तो गारखेड्यात राहायचा, मी पुंडलिकनगरला. दोघांचेही वडील शेती भावावर सोपवून नोकरीसाठी शहरात आलेले. चहा दोघांनाही गार करूनच लागतो. चपला दोघंही दारात उलट्या काढतो. राग दोघांचाही नाकावर, आणि तो गेल्यावर आधी बोलायचं कोण, म्हणून दोघंही तोंड फुगवून बसणार.

"सोनिया, आपण दोघं एका घरात राहिलो तर कुलूप कोण लावणार? दोघंही विसरभोळे," तो एकदा म्हणाला.

"एका घरात? ते कशाला बरं?"

"नाही म्हणजे... उदाहरण दिलं." त्याचे कान लाल झाले होते.

उदाहरणापुढं गाडी जाईना. माझ्यावर प्रेम आहे, हे तीन-चार शब्द काही त्याच्या तोंडून निघत नव्हते. पण मला ठाऊक होतं. आपल्यासारखंच कुणीतरी आपल्याला मिळावं, याचा मला इतका आनंद झाला होता की रस्त्यानं चालताना मी एकटीच हसायचे. शेवटी घरी मीच सांगितलं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, चार दिवस तोंड पाडलं, मग म्हणाले, "बोलवा पाव्हण्यायला."

रविवारी पाहुणे आले. इंद्रजीत, त्याचे वडील रामप्रसादतात्या, आई आणि मामा, कडुबामामा. सगळं कसं छान चाललं होतं. पोहे झाले. तात्या आणि अण्णांचं पिकापाण्यावर जमलं. आईनं मला डोळ्यांनीच खुणावलं, झालंच म्हणून समज. मग अण्णांनी सहज, रिवाज म्हणून विचारलं.

"देवक कोन्तं म्हनायचं तुमचं?"

"कोहळा," तात्या म्हणाले.

अण्णांच्या हातातला कप तिथंच थांबला. आई खुर्चीवरून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"आमचंबी कोहळाच हाय," अण्णा कसेबसे म्हणाले. "भाऊबंद निघालो की आपण! सोयरीक कशी व्हायची?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. लग्नात मांडवात आधी देवक, म्हणजे कुळाचं पूज्य झाड किंवा फळ, बसवतात, हे मी पाहिलं होतं. एक देवक म्हणजे भावकी, त्या घरात मुलगी देत नाहीत, हेही कानावर होतं. पण आमचं देवक कोणतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. देवकाचं फळ खात नाहीत, म्हणून कोहळा वर्ज्य, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आई म्हणायची "आपल्यात चालत नाही", आणि मी तेच म्हणत आले. इंद्रजीतचंही तेच. पांढराफटक पडून तो माझ्याकडं बघत होता. ज्या गोष्टीवरून आम्ही ओळखायला हवं होतं की इथं थांबा, त्याच गोष्टीवर आम्ही प्रेमात पडलो होतो!

"यातून वाट हाय," तात्या म्हणाले. "पोरगी तिच्या मामाच्या मांडीवर बसवा. दत्तक गेल्यावानी. मग तिचं देवक मामाचं. कन्यादान मामा करतील. लई ठिकाणी करत्यात असं."

"म्हंजी मांडवात तिचा बाप मामा?" अण्णांचा आवाज फाटला. "अन् मी कोन? पंगतीतला पाव्हना?"

अण्णांना मी असं कधीच पाहिलं नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. हो म्हटलं तर अण्णा जाणार, नाही म्हटलं तर इंद्रजीत.

"नाही," मी म्हणाले. "कन्यादान अण्णाच करतील. नाहीतर मला लग्नच नको."

बोलून गेले आणि रडू फुटलं. तात्या सुस्कारा सोडून टोपी उचलत उठले. संपलंच सगळं.

"मग मला बसवा."

इंद्रजीत उभा राहिला होता. कुणाला काही कळेना.

"मला बसवा कडुबामामाच्या मांडीवर. देवक माझं बदला."

कडुबामामांना जोराचा ठसका लागला. त्याची आई "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावून बसली.

"येडा झाला का तू?" तात्या ओरडले. "पोराला कधी बसवत्यात व्हय?"

"पोरीला बसवतात तेव्हा कुणी वेडं म्हणत नाही, तात्या. अण्णांनी जे सोसायचं, ते आपण का नाही?" त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, पण या वेळी तो थांबला नाही. "माझं सोनियावर प्रेम आहे. मला तीच पाहिजे. ती अण्णांची म्हणूनच पाहिजे."

सगळ्यांसमोर! मलासुद्धा कधी म्हणाला नव्हता, आणि आता आईबापांपुढं, मामापुढं... मी रडायचंच विसरले.

तात्या पुन्हा खुर्चीत बसले. मघाशी अण्णांचा झाला होता तसाच त्यांचा चेहरा झाला होता. दुसऱ्याला सहज सांगितलेली वाट आता त्यांच्याच दारात आली होती. अण्णा आपली खुर्ची सरकवून तात्यांच्या शेजारी जाऊन बसले.

मग तात्या डोळे पुसून मेहुण्याकडं वळले.

"कडुबा," ते म्हणाले, "मांडी नीट घाल. लेकरू जड हाय माझं."