पुतळाबाईचा अंगठा

“मेल्या, हात आहे तो, कणीक नव्हे!” पुतळा ओरडला आणि पुनर्वसन प्रयोगशाळेतली सगळी मुलं हसायला लागली.

ऋजुता वाघचौरेने मात्र पुतळ्याचं मनगट सोडलं नाही. व्यवसायोपचाराच्या तिसऱ्या वर्षाला हेच तर शिकवत होते. मेंदूला झटका आला की माणसाचा हात आखडतो आणि तो सैल करायचा तर दुखण्याच्या सीमेपर्यंत जावं लागतं. अलीकडे थांबलं तर उपयोग नाही, पलीकडे गेलं तर इजा. ही सीमा कुठे आहे ते रुग्णाने सांगायचं आणि आपल्या हाताने ओळखायचं. म्हणून विद्यापीठाने बोलणारे पुतळे आणले होते. रबरी कातडीचे, बिनचेहऱ्याचे, कमरेपर्यंतचे. प्रत्येक पुतळ्याला एक बनवलेलं आयुष्य दिलेलं आहे, असं विभागप्रमुख डॉ. कुमुद दाभाडे यांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. ऋजुताच्या पुतळ्याला एक सून होती, गुडघ्यात वात होता आणि शिव्यांचा चांगला साठा होता. मुलांनी तिचं नाव पुतळाबाई ठेवलं.

“या शिव्या कुणी लिहिल्या असतील गं?” शेजारच्या टेबलावरून फरहान म्हणाला. “सत्कार करायला पाहिजे त्याचा.”

पुतळाबाईपाशी ऋजुता मोकळी झाली होती. हात चालू, तोंडही चालू. ठरलेलं लग्न मोडलं, ते तिने आईच्या आधी पुतळाबाईला सांगितलं.

“बरं झालं, आधीच कळलं,” पुतळाबाई आपल्या सपाट, यांत्रिक आवाजात म्हणाली. “माझ्या सुनेचं मला नंतर कळलं.” मग ती हसली. यंत्राच्या हसण्याचं काय वाईट वाटून घ्यायचं? आणि यंत्रापुढे रडायला लाज तरी कसली? ऋजुता पोटभर रडली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली, तेव्हा पुतळाबाईचा अंगठा बदललेला होता.

आतापर्यंत काम चाललं होतं ते मनगटावर. अंगठ्याला कुणी हातही लावला नव्हता. तरी तो आता तर्जनीवर टेकत होता, दुमडत होता, जरासा पुढे सरकून पुन्हा दुमडत होता. ऋजुताने आपल्या ओढणीची कड त्या चिमटीत दिली. चिमटीने कडेला मुरड घालायला घेतली. करंजीला घालतात तशी. ही हालचाल अभ्यासक्रमातल्या कुठल्याच व्यायामात नव्हती. ती शिकायची तर ओट्यापाशी बसूनच शिकावी लागते.

“सुट्टीत काय केलंत?” ऋजुताने विचारलं.

“काय करणार? सून गेली माहेरी. बसले करंज्या करत. निम्म्या तळताना फुटल्या.”

“राहता कुठे तुम्ही?”

“यंत्राला कशाला पाहिजे? फराळाला येणारेस? कासारगल्ली. दत्ताच्या देवळामागं.”

कासारगल्ली खरी होती. ऋजुता रोज तिथूनच बस पकडायची.

ती तडक दाभाडे मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

“खरी आहे ती. सिंधूताई म्हेत्रे. या पद्धतीला आम्ही स्पर्शप्रेषण म्हणतो. घरी त्यांच्या हातावर संवेदकांची एक बाही चढवलेली असते. त्यांचा हात जसा हलतो तसा पुतळ्याचा हलतो. तू पुतळ्याला जेवढं दाबतेस, तेवढंच ती बाही त्यांना दाबते. आवाज तेवढा आम्ही बदलतो. दोन्हीकडचा.”

“दोन्हीकडचा?”

“त्यांना वाटतं, आपल्याला यंत्र व्यायाम देतंय.”

“मग मी जे जे बोलले तिथे…”

“यंत्र मन रमवायला गोष्टी रचून सांगतं, असं त्यांना सांगितलंय.”

“का पण, मॅडम?”

“कारण माणसं भिडस्त असतात. मी आयुष्यभर रुग्णांना विचारत आलेय, दुखतंय का. समोर एवढीशी पोर घाम गाळतेय म्हटल्यावर बाई म्हणते, नाही गं, बरं वाटतंय. आणि पिकले केस दिसले की पोरीचाही हात ढिला पडतो. दोघीही स्वभावाने चांगल्या आणि हात आपला आखडलेलाच. यंत्राची भीड मात्र कुणी धरत नाही. झटक्यानंतर मेंदू नव्या वाटा पाडतो, ते पहिले काही महिनेच. तेवढे महिने मी भीड मधून काढून टाकली. अंगठा हलला ना?”

“तुम्ही फसवलंत. मलाही आणि त्यांनाही.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी नजरही चुकवली नाही, याचाच ऋजुताला जास्त राग आला. “जाऊन सांगायचं तर सांग. पण मग त्या तुझ्याशी नीट वागायला लागतील.”

ही पळवाट आहे, असं ऋजुताला वाटलं. संध्याकाळी ती कासारगल्लीत गेली. दार उघडलं ते ठेंगण्या, गोऱ्या बाईने. उजव्या हातावर राखाडी बाही होती. ऋजुताने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

सिंधूताईंनी आधी बाहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“म्हणजे मी मेल्या म्हणत होते, ती तू?”

“हो.”

“सुनेबद्दल बोलले, तेही तूच ऐकलंस?”

“हो, काकू.”

“आणि ते मोडलेलं लग्न?”

“माझंच.”

“अगं बाई. मी हसले होते गं तेव्हा.” त्यांनी बाही उतरवून कोनाड्यात ठेवली, पदर सारखा केला आणि डाव्या हाताने पोह्याची बशी पुढे केली. “खा. दमून आलीस.”

आता यंत्र नको, मीच रोज येते, असं ऋजुता म्हणाली आणि रोज जाऊ लागली. मनगट धरायची, विचारायची, “दुखतंय?”

“छे! हलका हात आहे तुझा.”

कपाळावर घाम असायचा, पायाची बोटं फरशीवर आवळलेली असायची. ऋजुताला ते दिसायचं आणि नकळत तिची पकड सैल व्हायची. निघताना चहा व्हायचा. महिना सरता सरता अंगठा पुन्हा तळहातात मिटला.

“रागावू नकोस हं,” एक दिवस सिंधूताई म्हणाल्या, “पण तुझ्यापुढं मला ओरडता येत नाही. एखादं खरं यंत्र मिळतं का बघ. आत कुणी नसलेलं.”

ऋजुताने मॅडमना तसंच सांगितलं.

“तसं यंत्र नाही गं,” मॅडम म्हणाल्या. “बाही दाब पोचवते. किती दाबायचं ते तिला कळत नाही. ते यंत्राला कळलं असतं तर तुम्हाला कशाला शिकवलं असतं?”

“मग फरहानला बसू द्या पुतळ्यापुढे.”

“बसेल की. पण तो हात त्याला पहिल्यापासून शिकावा लागेल. तेवढे दिवस आता सिंधूताईंकडे नाहीत.” मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “आवाज तुला नवीन देता येतो.”

ऋजुता खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली पहिल्या वर्षाची मुलं एकमेकांच्या खांद्यावर सराव करत होती. एक मुलगी दुखलं म्हणून खऱ्याखुऱ्या रागाने किंचाळली आणि लगेच हसली. ऋजुता वळली.

“कुठला आवाज आहे?”

सोमवारी सकाळी ती पुतळ्यापुढे बसली. सिंधूताईंना कळवलं होतं, नवं यंत्र आलंय, खरं. त्यांना ऐकू जाणारा ऋजुताचा आवाज आता होता घोगरा, पुरुषी.

“आत कुणी आहे का रे?” पुतळाबाईने विचारलं.

ऋजुताने मनगट हातात घेतलं.

“नाही.”

“नक्की?”

“कुणी नाही.”

“मग सांगते तुला. तुझ्या आधी एक पोरगी बसत होती, यंत्र म्हणून. माझ्या घरातलं सगळं काढून घेतलं तिनं. वर दारात येऊन सांगते, मीच होते म्हणून! तोंडावर काय बोलणार? पोहे केले, चहा केला. पण रोज ती आली की कधी जाते असं व्हायचं मला. पुन्हा तोंड बघायचं नाही मला तिचं… आई गं! दुखतंय, मुडद्या!”

सीमा इथेच होती. ऋजुताच्या बोटांना ती स्वच्छ कळली. तिने दाब तसाच ठेवला, आणि आवाज बदलणाऱ्या यंत्राला रडणं बदलता येतं की नाही हे ठाऊक नसल्यामुळे श्वास रोखून धरला.

“इथपर्यंत ठीक आहे,” मग ती म्हणाली. “पुढं सांगा.”