मिठागरांपलीकडचे चार किलोमीटर

शहरातून किनाऱ्यावरच्या गावांना जाणाऱ्या सकाळच्या अकराच्या बसवर मी सात वर्षं कंडक्टर आहे. प्रवास दोन तासांचा. प्रवासी सगळे सुट्टीवर निघालेले. टोप्या, टॉवेल, फुगवलेल्या रबरी रिंगा. खिडकीच्या जागेवरून कुरबुरी व्हायच्या, तेवढ्याच.

पहिला प्रकार भर दुपारी घडला. मिठागरं मागे टाकून बस सरळ रस्त्याला लागली होती. दोन बहिणी गप्पा मारत बसल्या होत्या. अचानक धाकटीने थोरलीचा कान दातांत धरला आणि सोडेचना. मी धावत जाऊन तिला मागे ओढलं. बसमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. थोरलीनेही नाही.

चार किलोमीटरनंतर समुद्र दिसला. धाकटीने तोंड पुसलं आणि विचारलं, "आलं का?"

दोघी हातात हात घालून उतरल्या. थोरलीचा खांदा रक्ताने भिजला होता.

"डोकी फिरलीत लोकांची," मी ड्रायव्हरकाकांना म्हटलं. ते तोंडावर बांधलेला रुमाल घट्ट करत राहिले.

पंधरा दिवसांनी एका रिटायर्ड मास्तरांनी शेजारच्या प्रवाशाची बोटं बुटाखाली चेचली. सावकाश, एकेक करून. त्याच रस्त्यावर. मी डेपो मॅनेजरकडे लेखी अर्ज दिला.

"प्रवाशांची तक्रार आहे का एक तरी?" त्यांनी विचारलं.

नव्हती. बोटं चेचलेला माणूस संध्याकाळी परतीच्या बसमध्ये सुजलेल्या हाताने आइस्क्रीम खात होता.

मग एका रविवारी ताई आणि भाऊजी आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून निघाले होते. आई लवकर गेली. माझ्या वेण्या घालण्यापासून सगळं ताईनेच केलं. उंदीर मारायचा म्हटलं तरी खोलीबाहेर जाणारी बाई ती.

"ताई, ट्रेनने जा ना."

"बहिणीची बस सोडून? काहीतरीच तुझं!"

"मेहुणीबाईंना आमचा कंटाळा आला," म्हणत भाऊजी चढलेसुद्धा.

मी दोघांना अगदी पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसवलं आणि शेजारी उभी राहिले. मिठागरं मागे पडली. गप्पा थांबल्या. माझ्या तोंडात लोखंडासारखी चव आली.

ताईने पर्सचा पट्टा काढला. भाऊजींच्या गळ्याभोवती घातला. मागून आवळला.

"काका, थांबवा! बस थांबवा!"

बस थांबली नाही.

भाऊजी पाय झाडत होते. मागच्या सीटवरच्या बाईने त्यांचं डोकं धरलं. कुणीतरी हात धरले.

मग पाय झाडायचे थांबले.

समुद्र दिसला.

ताईने पट्टा पुन्हा पर्सला अडकवला, केस सारखे केले. "गाढ झोपलेत बघ," ती मला म्हणाली. "उठव ना त्यांना. मी होते पुढे."

पोलिसांनी दुपारभर सगळ्यांना विचारलं. कुणालाच काही आठवत नव्हतं. ताईला जीपमध्ये बसवताना ती मला विचारत होती, "अगं, हे कुठे राहिले?"

मला मात्र सगळं आठवत होतं. पाच वाजता मी काकांना डेपोच्या आवारात गाठलं.

"का नाही थांबवलीत? मी घसा फोडून ओरडत होते!"

त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला. खालचा ओठ चावून चावून फाटला होता.

"बस थांबवून स्टिअरिंग सोडलं असतं, तर माझे हात मोकळे झाले असते, पोरी." त्यांनी रुमाल ओठावर दाबला. "आणि तू ओरडली नाहीस. मला आरशात सगळं दिसतं. तू खाली बसून त्यांचे पाय धरले होतेस."

मी त्यांना वाटेल ते बोलले. खोटारडे म्हटलं. तशीच घरी आले.

युनिफॉर्मचा शर्ट धुवायला काढला. पुढच्या बाजूला, खिशापासून पोटापर्यंत, बुटांच्या टाचांचे ठसे होते. एकावर एक उमटलेले.