मोटरीतली वेणी

जळालेली मोटर दुकानात दादाच्या हातात द्यायची आणि आत नवी तार गुंडाळून भरलेली मोटर दादाच्याच हातून न्यायची. मधे कोण असतं, हे कुणी कधी विचारलंच नाही. मधे मी असायचे! दुकानामागच्या खोलीत, पडद्याआड. काम बाबांनीच शिकवलं, पण 'आपल्या घरातल्या बायका दुकानात बसत नाहीत' हेही त्यांचंच. मला मात्र बाहेर बसायचं होतं. फार बसायचं होतं.

त्या दुपारी दादा जेवायला गेला होता. बाहेरून हाक आली, "आहे का कुणी?"

फटीतून पाहिलं. दूध केंद्रावरचा मेकॅनिक. खांद्यावर मोटर, कपाळावर ग्रीसचा पट्टा.

"दादा घरी गेलाय. ठेवून जा."

"ठेवतो. एक विचारू? तुमचे दादा वेणी घालतात का?"

"काय?"

"मागची मोटर उघडून बघितली. कॉइलवर दोरा बांधलाय तो तीन पदरी... चक्क वेणी!"

माझा हात आपोआप माझ्या वेणीवर गेला. "दादा हौशी आहे," म्हटलं आणि ओढणीत तोंड दाबून हसत सुटले.

मग केंद्रावरच्या मोटरी वरचेवर बिघडू लागल्या, त्याही नेमक्या दादाच्या जेवणाच्या वेळी. एकदा मी पडदाच बाजूला सारला.

"ही जळालेली नाही. तार कुणीतरी मुद्दाम सोडवलीय."

"कोण असेल हो असा नालायक?" त्याने इतक्या साळसूदपणे विचारलं की रागावताच येईना. आवडला मला. लपवायचं कशाला?

आणि एके दिवशी – "लग्न कराल माझ्याशी? मी तुम्हाला काम करू देईन, लग्नानंतरही."

मी पक्कड खाली ठेवली. "करू देणारे तुम्ही कोण? आज बाबा करू देतात, उद्या तुम्ही. माझं काय बदललं?"

तो गोरामोरा झाला. मोटर तिथेच टाकून गेला. नंतर बरेच दिवस माझे हात तारेत आणि कान दाराशी.

आला तो थेट बाबा नि दादा दोघंही दुकानात असताना. दादाने हात पुढे केला, पण याने खांद्यावरची मोटर उतरवलीच नाही. "ज्यांनी मागची भरली, त्यांच्याच हातात देईन."

मी स्टूल उचललं, पडद्याबाहेर आले आणि दादाशेजारी मांडलं.

"द्या इकडे. सगळ्या मीच भरते."

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा सरकून बसला. "खरं आहे, बाबा. गिऱ्हाइकाने काही विचारलं की मला घाम फुटतो."

बाबांनी माझ्या स्टुलाकडे पाहिलं. मग पुटपुटले, "तिथं अंधार आहे. दाराकडे तोंड करून बस."

मी वळून बसले. तो मोटर ठेवायला वाकला, तेव्हा हळूच म्हणाला, "त्या दिवशी चुकलो. तुमचं काम तुमचंच. मी... नुसता सोबत असलो, तर चालेल?"

मी मोटर उघडली. या खेपेला खरंच जळाली होती.

"परवा मिळेल," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि न्यायला येताना आईवडिलांना घेऊन या."