उलटा ठसा

ते मोबाइल आधी खिशात घाला, नाहीतर मी शटर ओढून चाललो झोपायला. भूत खोटं असतं असं मघाशी कोण म्हणालं? तू? बरं, असू दे खोटं. मी शिंपी माणूस, भुताखेतांचं मला काय कळतंय? मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो. बाकीचं धाकट्याने सांगितलं, आणि तो माणूस शब्दांचा इतका कंजूष की पदरचं काही घालून सांगेल हे शक्यच नाही.

मार्चचा दुसरा शनिवार. संध्याकाळी साडेसातला धाकटा याच काउंटरवर आला, नवा युनिफॉर्म न्यायला. धाकटा म्हणजे त्या मोठ्या बागेचा वॉचमन. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बागेचं उद्घाटन होतं, म्हणून सगळ्यांना नवे कपडे.

तुम्ही पहाटे पळायला जाता ना, ती बाग एकेकाळी कुरण होतं. या धाकट्याच्या आजोबांनी वसवलेलं. चारशे गुरं, वीसेक घोडी, मधून ओढा. आता आइस्क्रीम मिळतं तिथे गोठा होता. तिकीट खिडकी आहे ना, ती दुधाची खोली.

त्या घराण्याची एक रीत होती, ती नीट ऐकून ठेवा. वासरू मोठं झालं की त्याच्या पुठ्ठ्यावर, मागच्या मांडीवर, तापलेल्या डागणीने ठसा द्यायचे. वर दोन शिंगं, खाली एक ठिपका. आणि जनावर विकलं की शेजारी तोच ठसा उलटा. शिंगं खाली, ठिपका वर. म्हणजे मालकाने आपल्या हाताने सोडलं. उलटा ठसा नसेल तर जनावर कुणाच्याही दावणीला असो, ते यांचंच. फाटकाच्या लाकडी खांबावरसुद्धा आजोबांनी एक सुलटा ठसा देऊन ठेवला होता.

उद्घाटनाच्या नऊ वर्षं आधी बागेसाठी जमीन हवी म्हणून नोटीस आली, तेव्हा यांचा बाप अडून बसला. मेलो तरी देणार नाही म्हणाला. थोरला मुलगा मात्र पोचलेला. रस्ते, बाकं, कारंजं, सगळ्याचं काम त्यालाच मिळणार होतं. बाप हॉस्पिटलात पडला आणि याने संमतीच्या कागदावर सही ठोकली. नीच माणूस! पण कागदावर दुसरी सही लागत होती. धाकट्याची. तीही झाली. त्याला नोकरी मिळाली, स्वतःच्याच फाटकावर शिट्टी गळ्यात अडकवून उभं राहायची.

लाज वाटत नव्हती का? रोज वाटायची. पण घरात दोन मुली, बायको आजारी. माणूस काय काय गिळतो, तुम्हाला अजून कळायचंय.

बापाला शेवटी कळलंच. त्याने धाकट्याचं मनगट धरलं. म्हणाला, "कागदाचं काय घेऊन बसलास? खांबावर उलटा ठसा नाही, तोवर जमीन आपली. तो पडू देऊ नकोस."

"नाही पडू देणार, बाबा," धाकटा म्हणाला. बाप त्याच रात्री गेला.

आणि आता थोरल्याच्या डोक्यात काय आलं असेल? उद्घाटनाला पाहुण्यांसमोर, फोटोवाल्यांसमोर, खांबावर स्वतःच्या हाताने उलटा ठसा द्यायचा! वर संगमरवरी पाटी, 'या कुटुंबाने आपली जमीन आनंदाने जनतेला दिली.'

"आनंदाने!" धाकट्याने इथे, या काउंटरवर मूठ आपटली. माझी कात्री खाली पडली. "काका, बाप मुठी आवळून मेला. त्या सोडवायला नर्सला दोन्ही हात लावावे लागले. आनंदाने म्हणे! त्या पाटीवर थुंकावंसं वाटतं."

"मग थुंक की," मी म्हणालो.

मी शर्टाची घडी घातली, सहा टाचण्या लावल्या, खाकी कागदात गुंडाळून सुतळीने बांधलं. माझी गाठ माझ्या गुरूने शिकवलेली, दोनदा मागे घेतलेली. ती दुसऱ्या कुणाला बांधता येत नाही आणि न कापता सुटत नाही.

धाकटा बागेत गेला. कागदाचं पुडकं केबिनच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. सव्वानऊ वाजले होते. तेवढ्यात थोरल्याची गाडी आली.

"डागणी काढ. शेगडी पेटव," उतरता उतरताच त्याने फर्मावलं. "ठसा आजच उठवून ठेवू. उद्या फोटोपुरती नुसती टेकवायची. चार लोकांत फजिती नको."

धाकट्याने कोळसे पेटवले. डागणी निखाऱ्यात घातली. दहा मिनिटांनी थोरल्याने रुमालात धरून ती उलटी केली आणि खांबावर दाबली.

काही नाही. धूर नाही, आवाज नाही.

"तापवलीस की नाही रे, गाढवा?"

निखारे लालबुंद होते. थोरल्याने डागणी पुन्हा आत घातली. या वेळी पंधरा मिनिटं. बाहेर काढली, तिच्यावर थुंकला. चर्र झालं नाही. बोट लावून पाहिलं... मग पूर्ण तळहात.

लोखंड गार होतं. विहिरीतून काढल्यासारखं.

वारा पडला. हिरवळीच्या बाजूने काहीतरी चालत आलं. एक नाही. पुष्कळ. खूर ओल्या मातीत रुततात तसा आवाज. त्या बागेत नऊ वर्षं जनावर नव्हतं. धाकट्याने टॉर्च मारला. हिरवळ रिकामी. आवाज मात्र जवळ येऊन थांबला... फाटकाच्या अलीकडे. गुरं आत घ्यायची वाट बघत थांबतात, तिथेच.

थोरल्याचा चेहरा उतरला होता, पण तोंड बंद होईना. "तू दे ठसा. तुझ्या हाताने."

"मी नाही देणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या जागी माणूस तयार आहे माझा."

आता ऐका. धाकटा मला म्हणाला, त्या क्षणी ती डागणी भावाच्या डोक्यात घालावीशी वाटली. निदान ओढ्यात तरी फेकायची होती. दोन पावलांवर ओढा! इतका संताप की डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांचा सगळा संताप.

आणि त्याने डागणी हातात घेतली.

हात लागला आणि ती लाल झाली. शेगडीत न घालता.

त्याने ती उलटी केली. खांबावर दाबली.

धूर निघाला. लाकडाचा वास नव्हता तो. केस जळल्याचा... कातड्याचा.

मागे कुणीतरी खाकरलं.

बाबा फाटक लावायच्या आधी असंच खाकरायचे. दोनदा. आतल्यांना कळावं म्हणून. दोघं भाऊ लहानपणापासून ते ऐकत आले होते. दोघंही हलले नाहीत. दुसऱ्या खाकरण्याची वाट बघत राहिले...

ते आलं. केबिनमधून. कुलूपबंद कपाटाच्या बाजूने.

थोरला गाडीत बसला तो दिवे न लावताच गेला. फाटकाचा पत्रा गाडीने चेपला, तो आजही तसाच आहे, उद्या जाऊन बघा. धाकटा खांबाला पाठ लावून उजाडेपर्यंत बसून राहिला. केबिनमध्ये जायची छाती झाली नाही.

उजाडलं तेव्हा त्याने खांब पाहिला. आजोबांचा जुना सुलटा ठसा होता. शेजारी काही नव्हतं. जुनं राखाडी लाकूड, त्यावर कोळ्याचं जाळं. जाळंसुद्धा तुटलेलं नव्हतं.

सातला मी दुकान उघडत होतो. धाकटा समोर उभा, हातात कपाटातून काढून आणलेलं ते पुडकं. चेहरा आठवला की अजून बरं वाटत नाही मला.

"काका, तुम्हीच सोडा. मला आतून वास येतोय."

मी पुडकं उलटंपालटं करून पाहिलं. कागद कोरा करकरीत. सुतळी माझी, गाठ माझी. ती मीच कात्रीने कापली. सहाच्या सहा टाचण्या जिथल्या तिथे. मी घडी उलगडली. पुढचा भाग स्वच्छ, कॉलर स्वच्छ, बाह्या स्वच्छ. मग पाठ वर केली.

दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध जळून आरपार भोक पडलं होतं. कडा अजून कोमट होत्या.

शिंगं खाली. ठिपका वर.

मी म्हणालो, "अरे, नऊपर्यंत मी दुसरा शिवून देतो. कापड आहे माझ्याकडे."

धाकट्याने अंगातला जुना शर्ट काढला, तो नवा घातला, सगळी बटणं लावली.

"नको, काका. हाच माझ्या मापाचा आहे."

आणि तो कामावर गेला. रस्त्याच्या वळणापर्यंत मला त्याच्या पाठीवरचं ते भोक दिसत होतं.