तळ्याकाठचं गरम इंजिन

किमेलसाहेब धापा टाकतच, गावातली कोडी उलगडणाऱ्या लॅव्हिनिया प्रुइटच्या दारात उभे राहिले. ओहायोतल्या तळ्याकाठच्या बागेचे ते मालक, आणि बागेतली चिमुकली आगगाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"सहा दिवस झाले, रोज सकाळी इंजिन गरम सापडतंय. कोळसा मात्र कणभरही कमी नाही! चालक एमेटच चोरून फिरवत असणार. आज त्याला हाकलतोच."

"दुपारपर्यंत थांबा," म्हणत लॅव्हिनियाने बूट चढवले. धाकटा भाऊ ऑरिन जांभई देत मागोमाग निघाला.

इंजिन जेमतेम कमरेइतकं उंच. लॅव्हिनियाने राखेचा खण ओढला. राख मऊ, पांढरीशुभ्र. सांध्यांवरच्या ताज्या वंगणाला बोट लावून तिनं ते ऑरिनच्या नाकापुढे धरलं.

"ताई, याला तर न्याहारीचा वास येतोय!"

एमेट रडकुंडीला आला होता. "शेडची किल्ली खिळ्यावरच असते, बाई. कुणीही घेईल."

तिकीटवाला पर्सी खांदे उडवून म्हणाला, "मी? इंजिनावरची ती काचेची नळी थंडीताप मोजायला असते ना?"

डोनटवाली हुल्डा चुलीत ओंडका सारत होती. "त्या खेळण्यात मी कशाला बसतेय! पण एमेटला सांगा, वाफेचा दांडा हळू ओढ म्हणावं. हाताला हिसका बसतो."

दुपारी लॅव्हिनियाने सगळ्यांना इंजिनाभोवती जमवलं.

"कोळशाची राख काळपट, खड्यांची असते. ही लाकडाची. बागेत लाकूड जळतं ते एकाच चुलीत. वंगण म्हणजे डोनट तळायची चरबी. पर्सीला बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळीच कळत नाही. त्यानं चालवलं असतं तर बॉयलर केव्हाच फुटला असता. आणि दांड्याचा हिसका नुसता बघून कळत नाही, तो ओढणाऱ्यालाच कळतो, हुल्डाबाई."

हुल्डा लाजून लाल झाली. "नवरा मोठ्या रेल्वेत चालक होता. सगळं शिकवलं त्यानं, पण बाईच्या हातात इंजिन कोण देणार? पहाटे पीठ फुगेपर्यंत तास रिकामा असतो. राहवलं नाही."

"मी म्हणतोय सांधे इतके मऊ कसे!" एमेट खो खो हसला. "साहेब, मला रविवारी सुट्टी हवीच आहे."

किमेलसाहेबांनी त्याचा हात घट्ट धरला. "माफ कर बाबा. घे सुट्टी."

रविवारी हुल्डाने ॲप्रन घालूनच इंजिन सुरू केलं. मागे पोरांचा कल्लोळ, आणि पहिल्या डब्यात गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले किमेलसाहेब. भर वेगात त्यांची टोपी तळ्यात उडाली.

"थांबवू का?" हुल्डा ओरडली.

"खबरदार!" साहेब गरजले. "अजून एक फेरी!"